तन्यूर, चार किलोमीटर

"परत आलात मावशी? सकाळचा पुरला नाही वाटतं," मासेवाल्या खमैसकाकांचा जावई हसत म्हणाला आणि खारवलेल्या मुशीचा तुकडा त्यानं पिवळ्या कागदात गुंडाळायला घेतला. दलेंदाला आधी वाटलं, हा दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा. मागे माणसांची ही रेटारेटी, पण त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. "मला म्हणालास?" "मग कुणाला? परवा नेलात, काल नेलात, आज सकाळी नेलात. घरात लग्नबिग्न काढलंय की काय?" बाजूच्या दोघीतिघी खुदकन हसल्या. ईदच्या आदल्या दिवशी बाब जबलीच्या मासळीबाजारात असंच असतं. रोज्यानं घसा कोरडा पडलेली माणसं एक तर भांडतात नाहीतर थट्टा करतात. दलेंदाही हसली. पैसे दिले, पुडकं पिशवीत टाकलं, दोन दुकानं ओलांडली आणि मग तिच्या काळजात धस्स झालं. कारण ती सकाळी इथे आली नव्हती. काल आली नव्हती, परवा तर नाहीच नाही. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

माणूस चुकतो, त्यात काय एवढं. दिवसभर शंभर बायका येतात, सगळ्यांना तोच मासा हवा असतो, कारण उद्या सकाळी स्फाक्स शहरातल्या झाडून सगळ्या घरांत खारा मासा आणि कांदा-मनुकांचा शरमूला असणार. चुकला बिचारा. असं म्हणत ती वेशीकडे चालायला लागली खरी, पण डोकं काही गप्प बसेना. आज सकाळी आपण काय केलं? सहेरीला उठलो. पाणी प्यालो, खजूर खाल्ला. मग झोपलो. मग नवऱ्यानं, नाजीनं, मनुका निवडायला घेतल्या, त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तो मनुका डोळ्यांपेक्षा बोटांनीच निवडतो, आणि आपण त्याला म्हणालो, काड्या राहिल्यात बघ. ते झालं. मग तो मशिदीत गेला. आणि मग? मग आपण आतल्या खोलीत खिडक्या लावून पडलो होतो. पडलो होतो ना? अंगाखालची चादर आठवत होती, भिंतीवरच्या पंख्याची घरघर आठवत होती. पण चादर आणि पंखा तर रोजचेच. ते आजचे कशावरून? काल काय केलं ते आठवायला गेली तर तिथेही तीच चादर, तोच पंखा. सुट्टी लागल्यापासून प्रत्येक दिवसाला मध्ये एक असं भोक होतं आणि आजवर त्या भोकाचं तिला काही वाटलं नव्हतं. रोज्यात सगळेच झोपतात. आता मात्र त्या भोकातून एक बाई उठते, डोक्याला रुमाल बांधते, चपला घालते, बाब जबलीला येते, मासा घेते, कुणाला न सांगता घरी जाऊन पुन्हा चादरीवर पडते, असं सगळं तिला दिसायला लागलं. ती बाई आपणच. अठ्ठावन्न वर्षांची, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी, अर्धं आयुष्य मुंग्यांच्या मागे उन्हात फिरलेली दलेंदा. आईला विसर पडायला सुरुवात झाली तेव्हा आई किती वर्षांची होती? साठ? का त्याच्याही आधी?

एक सोपा उपाय होता. घरी जायचं आणि फ्रीज उघडायचा. आत पिवळ्या कागदातली पुडकी असली तर असली. नसली तर तो जावई मूर्ख, संपला विषय. नाजीला फोन करून विचारता आलं असतं, अरे जरा फ्रीज बघ रे. पण मग त्यानं विचारलं असतं, कशाला? आणि त्या "कशाला"ला काय उत्तर देणार? नाजी चांगला माणूस, पण त्याला काही सांगितलं की तो आवाज खाली आणतो आणि आजारी माणसाशी बोलावं तसं बोलायला लागतो. एकदा का त्याचा आवाज खाली आला की तो पुन्हा वर यायचा नाही, ही तिला खात्री होती. आईशीही सगळे तसंच बोलायला लागले होते. हळू, गोड, दोनदोनदा. आई चिडायची, म्हणायची, मी काय बहिरी आहे का गं?

वेशीबाहेर टॅक्सीसाठी झुंबड उडाली होती. सूर्य कलला होता, अजानीच्या आत ज्याला त्याला घर गाठायचं होतं. एका पिवळ्या टॅक्सीचं दार कुणीतरी उघडलं आणि दलेंदा त्याच्या आधी आत शिरली. त्याबद्दल मागून शिवी आली ती तिनं ऐकली नाही. "बोला मावशी, पटकन बोला, माझं शेवटचं भाडं आहे," टॅक्सीवाला म्हणाला. "चार किलोमीटर," ती म्हणाली. "अहो, पण कुठल्या रस्त्याला?" ती काहीतरी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. फ्रीज. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात बघायचं. फ्रीझरमध्येही बघायचं, कारण आई वस्तू मागे ढकलून ठेवायची. रस्ता आणि किलोमीटर, स्फाक्समध्ये पत्ता सांगायची हीच रीत. शहराच्या जुन्या तटापासून रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे बाहेर फुटतात, ऐन, तन्यूर, ग्रेम्दा, तुनिस, महदिया, आणि माणूस कुठे राहतो तर अमक्या रस्त्याला इतके किलोमीटर. एक दिशा आणि एक अंतर, बस. गल्लीचं नाव नाही, घराला नंबर नाही. परदेशी पाहुणे आले की याला हसायचे. दलेंदा त्यांना म्हणायची, हसू नका, आमच्या सबख्यातल्या मुंगीचाही पत्ता असाच असतो.

शहराबाहेर तो सबखा, मिठाचा नुसता सपाट विस्तार. झाड नाही, दगड नाही, दुपारी तर सावलीही नाही. बाकी सगळे जीव बिळात दडलेले असतात तेव्हा ही लांब पायांची मुंगी बाहेर पडते, कारण उन्हानं मेलेले किडे तेव्हाच सापडतात. जाताना भरकटते. इकडे वळते, तिकडे वळते, मागे येते, स्वतःभोवती फिरते, बघणाऱ्याला वेडी वाटावी. पण आतल्या आत तिचा हिशेब चालू असतो. वरच्या उजेडाची वीण डोळ्यांनी वाचायची, पावलं पायांत साठवत न्यायची. आणि तोंडात किडा आला की ती सरळ घराकडे वळते. आलेल्या वाकड्या वाटेनं परत जात नाही, थेट निघते. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा दलेंदा तेवीस वर्षांची होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग पुढे तिचं काम काय, तर अशा घरी निघालेल्या मुंगीला काचेच्या नळीत धरायचं, फडक्यानं झाकायचं, लांब दुसऱ्या जागी नेऊन सोडायचं आणि बघायचं. मुंगी क्षणभर थांबायची आणि धावत सुटायची. त्याच दिशेला, तेवढंच अंतर, जसं काही तिला कुणी उचललंच नाही. धावण्यात कुठे शंका नाही. आणि जिथे घर असायला हवं तिथे पोचून ती थबकायची. तिथे नुसतं मीठ. मग घिरट्या. आधी लहान, मग मोठ्या, पुन्हा पुन्हा त्याच मधल्या जागेकडे परत येत. विद्यार्थी म्हणायचे, मॅडम, चुकली. दलेंदा म्हणायची, ती नाही चुकली रे, तिचा हिशेब चोख आहे. तिला उचललंय आपण.

"चला मावशी, आलं," टॅक्सीवाला म्हणाला. तिनं डोळे उघडले. समोर हिरव्या दिव्यांचं औषधाचं दुकान होतं आणि ते ओळखीचं नव्हतं. त्याच्या बाजूला टाइल्सचं दुकान. त्याच्या पलीकडे अर्धवट बांधलेली इमारत. "हे कुठे आणलंस?" "कुठे म्हणजे? तन्यूर, चार किलोमीटर." "मी ग्रेम्दा म्हणाले." "मावशी, रोज्याच्या तोंडानं खोटं कशाला बोलू? तन्यूर म्हणालात. मी म्हटलं तन्यूर का, तर तुम्ही म्हणालात हो." त्यानं मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला. नको तसा, नेमका तसाच. "बरं वाटत नाहीये का? घरी कुणाला फोन लावू?" "काही नको," दलेंदा म्हणाली, "मला इथेच यायचं होतं." आणि ती उतरली. तो बायकोच्या नावानं काहीतरी पुटपुटत गाडी वळवून सुसाट निघून गेला.

खोटं बोलायची काहीच गरज नव्हती. ग्रेम्दाला चल म्हणाली असती तर कुरकुरत का होईना, त्यानं नेलं असतं. पण तो खाली आलेला आवाज तिच्याच्यानं सोसवेना. आता रस्ता बघता बघता रिकामा होत होता. दुकानांची शटरं पडत होती. एक टॅक्सी गेली, हात केला, थांबली नाही. दुसरी आलीच नाही. दलेंदा औषधाच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभी राहिली आणि तिला दरदरून घाम फुटला. आईचं असंच तर झालं होतं. अगदी असंच. आई तन्यूरला चार किलोमीटरवर राहायची, आपल्या बागेतल्या घरात, आणि एक दिवस टॅक्सीवाल्याला म्हणाली, ऐन, चार किलोमीटर. अंतर बरोबर, रस्ता चुकीचा. वसीलानं, दलेंदाच्या मोठ्या बहिणीनं, फोनवर हे हसत हसत सांगितलं होतं. दोघी पोट धरून हसल्या होत्या. आई ऐनला जाऊन एका न्हाव्याच्या बायकोकडे चहा पिऊन आली म्हणे! पुढे सहा महिन्यांनी हसायचं बंद झालं. आई एकच साबण रोज विकत आणायला लागली. कपाटात साबणच साबण. मुंगीचंही तसंच असतं, एकदा जिथे घबाड मिळालं तिथे ती पुन्हा पुन्हा जाते, तिथे आता काही नसलं तरी. हे दलेंदानं तेव्हा वसीलाला समजावून सांगितलं होतं आणि वसीला म्हणाली होती, "दालू, तुझ्या मुंग्या राहू देत बाजूला. तू इथे येऊन बस चार दिवस, मग सांग."

आधी तोच मासा. मग रस्ता. पुरावे कसे पायरी-पायरीनं येत होते! ती स्वतःची परीक्षा घ्यायला लागली. आज वार कोणता? सांगता आला. नाजीचा फोन नंबर? आला. आईच्या मृत्यूचा महिना? आला. कॉलेजातल्या शिपायाच्या मुलीचं नाव? नाही आलं. नाही आलं! मग आठवलं की ते तिला कधी माहीतच नव्हतं. असल्या परीक्षा घेणं हेच वेडाचं लक्षण, असं एक मन म्हणालं; वेड्याला आपण वेडे आहोत हे कळत नसतं, म्हणजे तू ठीक आहेस, असं दुसरं म्हणालं. उपासानं होतं असं. साखर उतरते. जीभ घसरते. पण जीभ घसरून तन्यूरवरच का गेली? ग्रेम्दाला राहायला येऊन तिला तीस वर्षं होऊन गेली होती. आणि तन्यूरच्या त्या घराचा उंबरा आईच्या मयतीनंतर सहा वर्षं तिनं ओलांडला नव्हता.

ती मयत. सगळ्या बायका बसलेल्या, वसीला दाराशी. आई त्याआधी एका दुपारी घरातून निघून गेली होती आणि संध्याकाळी लांबच्या ऑलिव्हच्या बागेत सापडली होती, पाय सोललेले, ओठ फुटलेले. त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. आणि मयतीच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, दलेंदाच्या तोंडून निघून गेलं, "दार उघडं राहिलंच कसं?"  वसीला म्हणाली होती, "तू जा. उन्हं आहेत, तुझ्या मुंग्या वाट बघत असतील." एवढंच. भांडण म्हणावं तर भांडणही नाही. पण त्यानंतर फोन नाही, ईदी नाही, काही नाही. आधी दलेंदाला वाटायचं वसीलानं बोलावं. मग वाटायला लागलं आपण बोलावं. मग इतके दिवस गेले की बोलायला काहीतरी निमित्त हवं, आणि निमित्त काही सापडेना. वसीलाचा नवरा आधीच गेलेला, मुलगा जर्मनीत. ती एकटीच त्या घरात. हे दलेंदाला माहीत होतं आणि ती ते डोक्यातून बाजूला सारत आली होती.

आता दुसरा इलाजच नव्हता. अजानीच्या वेळी टॅक्सी मिळायची नाही, आणि इथे फूटपाथवर बसून राहिली तर कुणीतरी दयाळू माणूस येऊन हळू आवाजात विचारणार, मावशी, घर कुठे तुमचं? वसीलाकडे जायचं. दार उघडलं तर उघडलं. विचारायचं तिला, आईला सुरुवात झाली तेव्हा नेमकं काय काय झालं होतं? तिलाच माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. दिवसरात्र तीच तर होती तिथे. हा विचार आला आणि दलेंदाला थोडं बळ आलं. मुख्य रस्त्यावरून डावीकडे गल्ली, गल्लीच्या तोंडाशी मातीचा बांध, बांधावर निवडुंग, मग बदामाची झाडं आणि निळं फाटक. ती डावीकडे वळली. बांध नव्हता. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी तीन मजली घरं उठली होती, सगळी पांढरी, सगळ्यांची फाटकं निळी. ती पुढची गल्ली बघायला गेली. तीही तशीच. परत औषधाच्या दुकानापाशी आली, उलटी मोजणी करून पुन्हा निघाली. बागा तुकडे पाडून विकल्या गेल्या होत्या, बदाम तोडले होते, आणि जिथे आईचं घर असायला हवं तिथे टाइल्सच्या दुकानाचं गोदाम होतं. ती थबकली. मग उजवीकडे गेली, मग पुन्हा मागे. मग जरा लांब, मग पुन्हा त्याच गोदामापाशी. आपण काय करतोय हे तिला कळलं तेव्हा तिला हसू फुटलं, आणि त्या रिकाम्या गल्लीत स्वतःचं हसू ऐकून ती घाबरली.

सबख्यात घर करणाऱ्या मुंग्या वारुळाच्या तोंडाशी मातीचा ढीग रचतात, दुसरी कुठली खूण नाही म्हणून. दलेंदानं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी एकदा तो ढीग काढून टाकला होता, मुद्दाम, बघायला. परतलेल्या मुंग्या तोंडाच्या अगदी जवळून, वीतभर अंतरावरून पुढे निघून जायच्या. काही सापडायच्या नाहीत. आणि परीक्षा झाली की दलेंदा प्रत्येक मुंगी नळीत घालून तिच्या वारुळाशी परत नेऊन सोडायची. सोबतचे हसायचे. अहो, बाहेर पडणारी मुंगी सगळ्यात म्हातारी असते, आठवडाभरात मरणारच ती. मरू दे, दलेंदा म्हणायची, घरी मरू दे. हे तिला का सुचायचं कोण जाणे. आपल्याला आता कोण नळीत घालून नेणार, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. शरम वाटली. एवढी मोठी बाई, हातात माशाची पिशवी, आपल्याच माहेरच्या गल्लीत हरवून रडतेय.

समुद्राकडून वारा सुटला. वाऱ्यावर शरमूल्याचा वास होता. घराघरांतून कांदा मनुकांबरोबर शिजत होता, दालचिनी, लवंग, गुलाबपाकळ्या. या वासावरून घर शोधायचं म्हणजे कठीणच, आज सगळ्या शहराला हाच वास. तरी तिनं नाक वर केलं. आणि त्या सगळ्या गोडसर वासात एक बारीकसा वेगळा वास लागला. करपल्याचा. आई कांदा जरा लागू द्यायची तळाला, म्हणायची त्याशिवाय रंग येत नाही, आणि दोघी बहिणी नाक मुरडायच्या. पण हा जरासा लागलेला नव्हता. चांगलाच करपत होता. दलेंदा वाऱ्याला आडवी चालायला लागली. वास सुटला की थांबायची, लागला की वाऱ्याच्या तोंडावर वळायची. हे ती कुठे शिकली होती हे तिला माहीत होतं, पण त्याचा विचार करायला आता फुरसत नव्हती. गोदामाच्या मागच्या बाजूला दोन इमारतींच्या मध्ये एक बोळ होता, तिथून धूर येत होता, आणि बोळाच्या शेवटी अंग चोरून बसल्यासारखं ते बैठं घर होतं. एकच बदामाचं झाड. रंग उडालेलं निळं फाटक.

तिनं कडी वाजवली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग सपातांची फरफर. दार उघडलं आणि वसीला समोर उभी राहिली, डोक्याला तपकिरी रुमाल, चष्मा कपाळावर सरकवलेला, कांद्यानं डोळे लाल. म्हातारी झाली होती. दलेंदासारखीच म्हातारी झाली होती, तीच हनुवटी, तीच खांद्याची ठेवण. लहानपणी शेजारीपाजारी दोघींना एकमेकींच्या नावानं हाका मारायचे आणि दोघीही ओ द्यायच्या. दलेंदानं सहा वर्षं मनात घोळवलेलं वाक्य तोंडाशी आणलं, पण वसीलाच आधी बोलली. "आलीस? किती गं उशीर! तुझ्या नादात कांदा करपला माझा. मासा आणलास ना?"

दलेंदाला हुंदका आवरला नाही. एवढंच होतं? एवढं सोपं होतं? सहा वर्षं ज्याला घाबरलो ते हे? "वसीला," ती म्हणाली, "वसीला, अगं मी..." "रडतेस काय दारात उभी राहून? आत ये. आणि दार लाव नीट. वरची कडीसुद्धा लाव. जरा डोळा चुकला की निघून जाते." "कोण?" "कोण म्हणजे? आई." वसीलानं आवाज खाली आणला. "आत्ताच पडलीय मागच्या खोलीत. रोजा धरलाय हट्टानं. हाका मारू नकोस, उठेल."

दलेंदानं दार लावलं. वरची कडी लावली. कडी नवी होती, चकचकीत, तिच्याखाली आणखी एक होती, आणि तिच्याखाली साखळी. ती वसीलाच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद केला, पातेलं उतरवलं, आतला कांदा कोळसा झाला होता. खिडकी उघडली. मग ओट्याकडे नजर गेली. ओट्यावर पिवळ्या कागदातली पुडकी होती. एकावर एक नीट रचलेली. काहींचा कागद तेलकट होऊन फाटला होता. "यंदा मासा चांगला आलाय," वसीला म्हणाली, "खमैसकाकांनी स्वतः निवडून दिला." खमैसकाका जाऊन दोन वर्षं झाली होती. दलेंदानं ओट्याची कड धरली. आणि सगळ्यात आधी, दुसरं काही वाटायच्या आधी, तिला आनंद झाला. मी नाही. मी नव्हते. ती होती!  तो आनंद फार टिकला नाही, पण झाला होता, आणि तिनं तो स्वतःला झालेला बघितला.

मग तिला आठवलं की मासेवाल्याचं कोडं सुटलं तरी टॅक्सीतला शब्द तिच्याच तोंडून गेला होता. तो वसीलानं उच्चारला नव्हता. दोघी एकाच आईच्या. ती वसीलाकडे बघत राहिली. वसीला दुसरे कांदे काढून सोलायला बसली होती, झरझर, हात कसे पूर्वीसारखेच चालत होते. "बघत काय बसलीस? सुरी घे. उन्हात हिंडून हिंडून काळी पडलीस. तुझ्या त्या मुंग्या सापडतात का तुला?" "सापडतात." "मला तर बाई रोज शोधावं लागतं," वसीला म्हणाली. "रोज. सगळी गल्ली पालथी घालते. कुठे जाते ही म्हातारी, देव जाणे. आणि सगळे मलाच विचारतात, दार उघडं राहिलंच कसं." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. कांदा चिरता चिरता, सहज म्हणाली. दलेंदाच्या हातातली सुरी थांबली. "कुणी विचारलं?" "विचारलं कुणीतरी. आता आठवत नाही."

दलेंदा उठली, बहिणीजवळ खाली बसली. काय बोलणार होती ती? माफ कर म्हटलं तर कशाची माफी, असं तिनं विचारलं असतं, आणि ते तिला सांगायचं म्हणजे आईला पुन्हा एकदा मारायचं, तिच्यासमोर, ईदच्या आदल्या संध्याकाळी. ज्या बाईनं माफ करायचं ती बाईच वसीलाच्या आतून उठून गेली होती. दलेंदानं एक कांदा घेतला आणि सोलायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला आता कारण होतं.

अजान झाली. वसीलानं ताटलीत खजूर काढले, पाण्याचे पेले भरले. तीन पेले. "आईला उठव," ती म्हणाली, "रोजा सोडू दे तिला." दलेंदा मागच्या खोलीपर्यंत गेली. खोलीत पलंगावर चादर नीट घातलेली होती, उशाशी साबणाच्या वड्या. खिडकीला आडवी फळी ठोकलेली. तिनं दार हळूच ओढून घेतलं. मग परत येऊन म्हणाली, "गाढ झोपलीय गं. राहू दे. मी आहे इथे, मी बघते तिच्याकडे. तू खा." वसीलानं तिच्याकडे निरखून पाहिलं, जसं कुणी विश्वास ठेवावा की नाही ते ठरवत असावं. "तू बघशील?" "हो." "दार?" "दारही मीच बघते." वसीलानं खजूर तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे खांदे खाली आले. किती दिवसांनी ती बसली होती कोण जाणे.

पिशवीतला फोन वाजला. नाजी. "अगं कुठे आहेस तू? अजान होऊन गेली, सूप निवतंय. फ्रीजमध्ये मासा शोधतोय तर फ्रीज रिकामा." दलेंदाला हसू आलं आणि रडूही. "नाजी, मी आज येत नाही. उद्या सकाळी तूच ये मनुका घेऊन. मासा इथे भरपूर आहे." "इथे म्हणजे कुठे?" त्याचा आवाज किंचित खाली आला होता. ती उत्तर द्यायच्या आधी थांबली. शब्द जिभेवर घेऊन नीट पाहिला, दोनदा पाहिला, तोच आहे ना. मग म्हणाली, "घरी. तन्यूर, चार किलोमीटर."